उंबऱ्याबाहेरचा करा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उद्धवरावांच्या घरी पितरांसाठी पाण्याचे करे भरत. मातीचे ते करे देवापुढं ओळीनं मांडायचे. पण एक करा उंबऱ्याबाहेर ठेवायचा, दार लावून कडी घालायची आणि दुपार टळेपर्यंत उघडायचं नाही. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. "वाटसरूचं पाणी," म्हणत. आता वाटसरूला पाणी द्यायचं तर त्याच्या तोंडावर दार कशाला लावायचं? पण घरचा रिवाज, त्याला कोण विचारतो!

बेल्याजवळचं हे आपलं गाव आपल्याच पूर्वजानं, रायभानजीनं वसवलं, असं उद्धवराव छाती फुगवून सांगत. शंभर वर्षांमागं, दुष्काळात, पोराला पुढ्यात बसवून त्यानं पैनगंगेत घोडा घातला आणि अलीकडं आला म्हणे. वा रे वा! त्या मुलखात ज्याचा त्याचा पणजोबा घोड्यावरच आलेला. मग पायी कोण आलं, देव जाणे.

शहाऐंशी सालच्या माघात त्यांच्या मीनाक्षीला नदीपलीकडचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, घर खाऊनपिऊन सुखी. मुलाचे वडील नरसिंगराव मात्र जुन्या वळणाचे. "मूळ गाव अन् कूळ कळल्याबिगर आमी सुपारी फोडत नाई," म्हणाले.

दुसरं एक दुखणं घरातच होतं. उद्धवरावांची थोरली बहीण जयवंताबाई, तरुणपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. मीनाक्षीला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. तिला क्षयानं धरलं, तशी तिची खाट बैलांच्या कोठ्यात गेली. ताप चढला की ती भ्रमात अंगणात येई, म्हणून पाहुणे आले की कोठ्याला बाहेरून कडी. क्षयाचं घर म्हटलं की पोरीला कोण करतो?

तर उद्धवराव निघाले मूळ गाव शोधायला. हाती रायभानजीचं नाव आणि खूण एकच. पलीकडच्या गावोगाव विचारत सुटले, "आखाजीले उंबऱ्याबाहेर करा मांडते, असं घर हाये का तुमच्याकडं?"

लोक हसत. "पितर का कुत्रं हाये, बाहेर ठेवाले?"

शेवटी एका गावात पिठाच्या गिरणीचा मालक म्हणाला, "थे नाई ठाऊक. पन दाराले कडीच नाई, असं एक घर हाये. रायभानचं नाव थ्या घरात घेतलं का म्हातारी चिडते."

म्हातारीचं नाव द्वारकाबाई. घोड्याची गोष्ट ऐकून ती खो खो हसली.

"घोडा कुठचा, बाप्पा? गाढवबी नव्हतं त्याच्यापाशी. दुष्काळात गावात मरीमाय आली. त्याच्या बायकोले, भागाईले, हगवण-उलटी लागली. पोराले लागन म्हनून त्यानं तिले घरात कोंडलं, भायेरून कडी घातली अन् पोरगं खांद्यावर टाकून पयाला. थे पानी पानी करत तांब्यानं दार ठोकत राह्यली. साऱ्या गावानं ऐकलं, कडी कोनी काढली नाई. माहा आजेसासरा रायभानचा भाऊ. थो परगावाहून आला, दार उघडलं, तं दारापाशीच मरून पडली होती. तवापासून आमच्या दाराले कडी नाई."

तो बाहेरचा करा कुणाचा, हे उद्धवरावांना आता सांगायला नको होतं. पाणी द्यायचं, पण घरात घ्यायचं भेव!

"कूळ चांगलं हाये तुमचं, सोयरीक होईन," द्वारकाबाई म्हणाली. "पन भागाईले घरात कवा घेसान?"

घरी येताच त्यांनी आधी कोठा गाठला. "अक्का, घरात चाल."

जयवंताबाई खोकत हसली. "येडा झाला का उद्धव? पोरगी उजवली का येते मी. तवर कडी लाव."

आणि लाज वाटो की न वाटो, उद्धवरावांना त्या बोलण्यानं हायसंच वाटलं.

चैत्राच्या रखरखत्या उन्हात पाहुणे सुपारी फोडायला आले. पुरणाच्या घाईत कोठ्यातला तांब्या भरायचं रेणुकाबाईच्या, म्हणजे उद्धवरावांच्या बायकोच्या, ध्यानातून गेलं. ओसरीवर पंगत बसली. उद्धवरावांनी मूळ गावाचं नाव सांगितलं, कूळ सांगितलं, वर घोडाही सांगितला. नरसिंगराव खूश झाले.

एवढ्यात कोठ्याकडून ठक्‌ ठक्‌ आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"काय वाजून राह्यलं?" नरसिंगरावांनी विचारलं.

उद्धवरावांचा घास तोंडाशीच थांबला. रेणुकाबाई वाढता वाढता त्यांच्याकडं पाहत राहिली. तो आवाज कशाचा, हे त्या अख्ख्या पंगतीत त्यांनाच माहीत होतं. उठावं, चार पावलं चालावं, कडी काढावी. एवढंच तर होतं!

"बैल हाये," ते म्हणाले. "शिंगं घासून राह्यला दाराले. घ्या, तूप घ्या."

आवाज बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. सुपारी फुटली. पाहुणे ऊन उतरल्यावर गेले. उद्धवराव धावत गेले, कडी काढली, दार ढकललं तर ते उघडेना. आतून जयवंताबाई दाराला टेकून पडली होती. हातात रिकामा तांब्या होता.

मीनाक्षी आत्याजवळ बसून राहिली. बापाशी ती बोलली नाही. सुतक फिटल्यावर लग्न लागलं, सासरी निघतानाही बोलली नाही.

आखाजीला रेणुकाबाईनं करे भरले. एक नवा होता. "अक्काचा कुठी मांडू? आत मांडू का?" तिनं विचारलं.

उद्धवरावांनी तो स्वतः उचलला. देवापुढं नेला. अक्का आत आली, आणि कडी का काढली नाही असं तिनं विचारलं, तर काय सांगायचं? ते माघारी वळले. उंबऱ्याबाहेर भागाईच्या कऱ्याशेजारी त्यांनी तो करा ठेवला, दार लावलं आणि कडी घातली.