तीन बटणांची माळ

फोन आला तेव्हा मी एका कोटाच्या बाहीला अस्तर लावत होतो. पलीकडून गुरुजी बोलत होते. "दादा, सभेत वहिनींना चक्कर आली. दवाखान्यात आणलंय, लगेच या." मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गुरुजी बाकावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर माझ्या बायकोच्या चपला होत्या.

डॉक्टर काय म्हणाले ते आठवत नाही. चपला आठवतात. त्या मी ओढूनच घेतल्या.

"शेवटचं काय बोलली?" मी विचारलं.

"म्हणाल्या, मोजणी थांबवू नका, लोक खोळंबलेत."

शेवटचं वाक्य, आणि तेही याला.

देशभर तेव्हा एकच वाद चालला होता. आजवर आम्ही एका नावापुढे खूण करायचो. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून आला. आता त्याऐवजी पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे का, यावर सार्वमत लागलं होतं. न्हाव्याकडे तेच, बसथांब्यावर तेच. बायको बदलाच्या बाजूची होती. गुरुजीही त्याच बाजूला, म्हणून मी विरुद्ध.

गुरुजी म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांचं भाषण सुरू झालं की पहिली रांग पेंगायची. आमची ही एकदा ऐकायला गेली आणि परत येऊन दुकानातली बटणं ओवायला बसली. काजं-बटणं हेच तिचं काम. एका दोऱ्यात लाल, पांढरं, काळं अशी तीन बटणं, माळेमाळेत क्रम वेगळा, प्रत्येक बटणाखाली गाठ. ती सभेत विचारायची, या सभागृहाला आधी काय हवं? पंखे म्हणजे लाल, खुर्च्या म्हणजे पांढरं, पाण्याची टाकी म्हणजे काळं. ज्याने त्याने आपल्या क्रमाची माळ उचलायची. वरचं बटण ही पहिली पसंती. जो रंग सगळ्यांत कमी वेळा वर आला, तो बाद. त्या माळांचं वरचं बटण कात्रीने उडवायचं आणि खालचं मोजायचं. "मत मेलं नाही, खाली सरकलं," ती म्हणायची. शेंबड्या पोरालाही कळायचं.

मग दोघांना ठिकठिकाणची बोलावणी यायला लागली. वर्तमानपत्रात फोटो आला. ती कात्री धरून, गुरुजी माळांचा डबा धरून. कात्री माझी, डबा माझा, बायको माझी, आणि फोटोत ते.

समोरचा वाणी म्हणाला, "काय शेठ, सध्या दोन नंबरवर का?"

"तू तुझी तागडी सांभाळ," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी हिलाही ऐकवलं, "तुझी पहिली पसंती कोण ते कळलं हो."

तिने दातांनी दोरा तोडला. "तुम्ही माळ ओवली असतीत ना, तर तिन्ही बटणं एकाच रंगाची घातली असतीत."

ती गेल्यावर काही आठवड्यांनी गुरुजी दुकानात आले. डबा घेऊन आले होते, पण रिकामा. माळा कापल्या गेल्या होत्या.

"रविवारी शेवटची मोठी सभा आहे. मी स्वतः ओवून पाहिल्या, पण एक बटण कापलं की बाकीची घरंगळतात. तुम्ही ओवून द्याल का?"

"मला वेळ नाही."

ते उठले नाहीत. म्हणाले, "वहिनी तुमच्यापासूनच सुरुवात करायच्या."

"म्हणजे?"

"म्हणायच्या, माझ्या घरी एक विरोधी पक्ष आहे. शिवतो चांगलं, भांडतो वाईट. तो हरला तरी त्याचं मत कुठेतरी मोजलं जावं, एवढ्यासाठी मी हिंडतेय. लोक फार हसायचे, दादा."

सगळ्या गावांनी ऐकलं होतं, मी सोडून. ती माझ्याबद्दल काय बोलली, तेही याच्याच गाठीशी.

"आणखी काय म्हणायची?"

"पुष्कळ काही."

"मग बसा. मी एक माळ ओवतो, तुम्ही एक गोष्ट सांगा. गोष्ट नाही, तर माळ नाही."

ते बसले. पहिल्या सभेत तिचे हात कापत होते, म्हणून तिने सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ते अंगुस्तान बोटात घातलं आणि ते पकडून बोलली. ते अंगुस्तान माझं होतं. मी दुकानभर शोधलं होतं. बसमध्ये तिला खिडकी लागायची. माझ्याबरोबर कधी मागितली नाही. परतताना बसल्या जागी झोपायची, मान कुठे पडायची ते मी विचारलं नाही. दोरा मात्र तुटला.

ते रोज यायला लागले. काल बसची गोष्ट पुन्हा काढली.

"ही झालीय," मी म्हणालो.

"दादा, जरा हात उचला. सभा तोंडावर आलीय."

"तुम्ही जरा डोकं चालवा."

आज ते म्हणाले, सांगण्यासारखं आता काही उरलं नाही. मला पटत नाही. इतक्या सभा, इतके प्रवास, आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्याकडे एवढंच?

सभा उद्या आहे. काळं बटण वर असलेल्या माळा अजून ओवायच्या राहिल्या आहेत.