रखमाजीचा मैल

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. बदनापूरजवळ सकाळच्या उन्हात एक शेतकरी चक्क सडकेवर नांगर चालवतो आहे. बैलांच्या तोंडाला फेस आला, पण फाळ काही आत शिरत नाही.

ही निजामी राज्यातली गोष्ट. सरकारने जालन्याकडे नवी सरळ सडक काढली आणि ही तीन मैलांची वळणाची सडक दप्तरातून उडवली. जमीन ज्याची त्याला परत मिळाली. नांगर धरलेले रामराव हे त्यांतलेच एक. कडेला उभा होता तो रखमाजी, इथला मैलकुली. नेमून दिलेल्या एका मैलाचे खड्डे बुजवायचे, मुरूम टाकून तो धुम्मसाने ठोकून बसवायचा, हे काम त्याने बावीस वर्षं केलं होतं. सडकेबरोबर त्याची नोकरीही गेली. शेजारी त्याची सात वर्षांची नात द्वारका होती.

"रखमाजी, काय भरलंस रे हिच्या पोटात?" रामराव वैतागले.

"तुमच्याच गाड्या बराबर चालाव्या म्हणून भरलं, मालक. तवा न्हाई इचारलं."

"आता इचारतो. तूच फोडून दे. मजुरी देतो. दुसरं काम हाये का तुला?"

काम नव्हतं. रखमाजीने सडकेच्या कडेला बसून एक दगड हलवून पाहिला. दुसऱ्या कुणी ती वेडीवाकडी फोडलेली त्याला बघवली नसती.

"मधून न्हाई फुटायची ती," तो म्हणाला. "कडंनं सोडवावी लागंल."

त्याने कुदळ घेतली. दुपारी रामराव येऊन बघतात तर काय, उपसलेल्या दगडांचा ढीग कसा चौकोनी, चारी कडा सरळ, माथा सपाट.

"ह्ये काय करून राह्यला? ढीग मोजायला सडकेचा दरोगा येणार हाये का आता?"

रखमाजी ओशाळला. "हाताची सवय, मालक," म्हणत त्याने कोपऱ्यातला दगड पायाने लोटला. माथा ढासळला. रामराव हसले नाहीत. बैल घेऊन विहिरीकडे गेले.

रखमाजी लिंबाखाली भाकरी खायला बसला, सडकेकडे पाठ करून.

द्वारकाचं जेवण आधीच झालं होतं. उखडलेल्या दगडाचं काय करायचं असतं, हे ती चालायला लागल्यापासून आज्याच्या मागे फिरून बघत आली होती. आज्याने दगड उपसलेल्या खड्ड्यापाशी ती गेली. ढिगातला एक दगड आत ठेवला, नीट बसेपर्यंत फिरवला आणि टाचेने ठोकला. मग ती दुसरा आणायला गेली.