टाकीवरचं पान

बाळाला न्हाऊ घालायला येणारी धोंडुबाई त्याला पायांवर घेऊन न्हाणीघरात बसली होती आणि मी दाराबाहेर उभा राहून गॅस गीझरची टकटक ऐकत होतो. टकटक म्हणजे ठिणगी पडते आहे. त्यानंतर भक् असा आवाज झाला की ज्योत धरली. तो भक् येईना. नळ बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा टकटक. मग एकदाचा पेटला, बादलीत वीतभर कढत पाणी पडलं आणि ज्योत गेली. पुढचं पाणी गारच.

"मास्तर, पोरगं गारठलं की," धोंडुबाई आतून म्हणाली. "ह्यापरास आमचा बंब बरा. शेणी घातल्या की गप तापतोय."

माझी मुलगी मैथिली कानांना स्कार्फ बांधून खोलीच्या दारात उभी होती. तिनं नुसतं आत जाऊन आणखी एक दुपटं आणलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण मैथिलीची आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि घरात मी एकटा, शाळेतून निवृत्त झालेला, पुस्तकांत तोंड खुपसून बसणारा माणूस. मैथिलीची सासू, उचगावची आक्का, डोहाळजेवणातच सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पावणं, घरात बाईमाणूस न्हाई. बाळंतपण म्हंजे धडा शिकवणं न्हवं." मला तिचं पटलं होतं. मला बहुतेक वेळा दुसऱ्याचंच पटतं. पण मैथिलीनं हट्ट धरला. तेव्हा आक्कानं सव्वा महिना कबूल केला, एका अटीवर: दर रविवारी ती येऊन बघणार, आणि आबाळ दिसली तर त्याच दिवशी दोघांना घेऊन जाणार.

मला हा सव्वा महिना हवा होता. एवढे दिवस सलग मैथिली पुन्हा या घरात राहणार नाही हे मला कळत होतं. दुपारी बाळ झोपलं की ती माझ्याजवळ येऊन बसायची, आईबद्दल बोलायची. तिच्या आईबद्दल मी दोन वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो. आणि हे सगळं आता एका पत्र्याच्या डब्यावर टांगलेलं होतं, जो मनात आलं तर पेटायचा आणि नाही आलं तर नाही.

गीझरवाला गुंडू आला तो तोंडात मावा धरूनच. त्यानं पुढचं झाकण काढलं तशी आतून मेलेली झुरळं आणि काजळी खाली पडली. ती त्यानं चपलेनं कोपऱ्यात सारली. सेल बदलले, नळ सोडला, भक् झालं. "बगा, लागला," असं म्हणायला तोंड मोकळं हवं म्हणून त्यानं तिथेच, मोरीत, जिथे धोंडुबाई बाळाला आंघोळ घालते तिथे, लाल पिचकारी मारली. मी ती फरशीवरून ओघळताना पाहिली. आणि मी त्याला म्हणालो, "थँक्यू हं." तो गेल्यावर फिनेल ओतून घासत बसलो. सुपारीचे बारीक तुकडे फटीत अडकले होते, ते काडीनं काढले. घासताना मला त्याचा जेवढा राग आला त्याहून जास्त त्या थँक्यूचा आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. गुंडूनं मग सिलिंडरचा रेग्युलेटर बदलला. त्याच्यासमोर पेटला. तो गेला आणि विझला. तिसऱ्या खेपेला त्यानं हात वर केले. ह्यो गेला, नवीन घ्या, म्हणाला.

मी शेगडीवर पातेली चढवायला लागलो. पातेलं उचलताना माझे हात कापतात. एकदा पाणी हिंदकळून पायावर आलं आणि मैथिली ओली बाळंतीण असताना माझ्या पायाला मलम लावत बसली. नेमका तो रविवार. आक्का दारात उभी. तिनं माझा पाय पाहिला, शेगडीवरची पातेली पाहिली, बाळाच्या मानेच्या वळीत उठलेलं पुरळ पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "तुमची कीव येती, पावणं. एक आठवडा देती. पुढल्या रविवारी असंच असलं तर नेणार."

त्यानंतर मी गीझरबरोबर आलेलं माहितीचं चोपडं शोधून काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. वाचणं एवढंच मला येतं. त्यात लिहिलं होतं की गीझर पेटायला आत येणाऱ्या पाण्याला पुरेसा जोर लागतो. जोर कमी पडला की ठिणगी पडते पण ज्योत टिकत नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं. मला आठवलं, भांडी घासायच्या नळाचीही धार हल्ली बारीक झाली होती, आणि कधी अचानक मोकळी व्हायची. पाणी गीझरमध्ये शिरतं तिथे एक जाळी असते, ती साफ करावी, असंही होतं. मी उभ्या आयुष्यात पक्कड धरलेली नाही. हे आपल्याला सुचलंय म्हणजे चुकीचंच असणार, असंही वाटलं. पण गुंडूला पुन्हा त्या मोरीत उभं करण्यापेक्षा हे परवडलं.

कॉक बंद करून मी नट सैल केला आणि जाळी बाहेर काढली. वाळू असेल, क्षार असतील अशी कल्पना होती. जाळीवर राखाडी, बुळबुळीत लगदा होता. मी तो बोटानं निपटला. तो बोटाला चिकटून लांबला. वास आंबूस, विसरून राहिलेल्या डब्यासारखा. बोटांत चुरून पाहिलं, तर त्यात लांबट, फुगलेले दाणे होते. भात होता तो.

गच्चीकडे जाणारा जिना चढता चढता मला कळायला लागलं होतं आणि ते खरं नसावं असंही वाटत होतं.

आमच्या शेजारी हंबीरराव राहतात. मोठा आवाज, मोठं मन, दारात दोन म्हशी. मैथिलीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनीच जीप काढली. रोज सकाळी तिच्यासाठी तांब्याभर धारोष्ण दूध भिंतीवरून तेच देतात. गेल्या वर्षी त्यांचे वडील, आण्णा, वारले. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. हंबीररावांनी हात जोडले, भावांना सांभाळतो म्हणाले, म्हशी विकत नाही म्हणाले. कावळा लांब बसून राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. तो माणूस त्या दिवशी पार मोडून घरी आला. पुढच्या अमावास्येला त्यांनी आमची टाकी गल्लीत सगळ्यांत उंच म्हणून घास वाढलेलं पान तिच्यावर ठेवलं, आणि कावळा लगेच आला. तेव्हापासून दर अमावास्येला ते दोन गच्च्यांमधला कठडा ओलांडून येतात. "आमचं आण्णा मास्तरांच्या टाकीवर येत्यात," असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. मला विचारलं नव्हतं. सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, वा, चांगलं झालं.

टाकीचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं आणि परत बसू नये म्हणून खाली विटेचा तुकडा लावला होता. मी आत डोकावलो.

पत्रावळी सडून काळ्या पडल्या होत्या आणि एकीला एक चिकटून तरंगत होत्या. वडे पाण्यानं फुगून मुठीएवढे झाले होते, त्यांच्यावर केसाळ पांढरी बुरशी. पाण्यावर दह्याची साय की कसली साय, तिच्यात कावळ्याची पिसं. कडेला, उन्हानं कोमट झालेल्या भागात, अळ्या वळवळत होत्या. तळाशी भाताचा थर, हलक्या धुक्यासारखा, नळीच्या तोंडाशी सरकत, मागे येत. म्हणून गीझर कधी पेटायचा, कधी नाही.

मैथिली दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात अमावास्या होऊन गेली होती. म्हणजे बाळाची पहिली आंघोळसुद्धा यातलीच. प्यायचं पाणी खालच्या नळाचं, तेवढं सुटलं. पण ती भांडी, ते कपडे, मी रोज या पाण्यानं भरलेली चूळ. मी कठड्याला धरून ओकलो.

आवाज ऐकून हंबीरराव वर आले. मी झाकणाकडे बोट केलं. त्यांना वाटलं मी विटेचं विचारतोय.

"ते व्हय," ते म्हणाले. "म्हातारा जाताना पाणी पाणी करत गेला, मास्तर. डॉक्टरनं घोटभर बी दिऊ दिलं न्हाई. म्हटलं घास खाल्ल्यावर पाणी तरी मिळू दे. म्हणून फट ठेवतोय."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या बोटांना अजून त्या भाताचा वास होता. मी म्हणालो, "हो, बरोबर आहे." हे माझ्या तोंडून येताना मी ऐकलं. टाकी साफ करायला काढलीय एवढंच पुढे म्हणालो. ते मदतीला थांबत होते, मी नको म्हटलं, आणि ते खाली गेले. आत त्यांनी पाहिलं नाही. मी दाखवलं नाही.

टाकी मी एकट्यानं साफ केली. मैथिलीला सांगितलं, गाळ साचलाय. लगदा बादलीत भरताना नाकाला रुमाल बांधला होता, पण वास रुमालातून येत नव्हता, माझ्याच कातडीतून येत होता. नंतर ब्लीचिंग पावडर, मग पुन्हा पाणी, पुन्हा पावडर. वीट काढून झाकण घट्ट बसवलं. संध्याकाळी नळ सोडला आणि पहिल्याच टकटकीला भक्. दुसऱ्या सकाळीही. तिसऱ्याही. धोंडुबाईनं सगळ्या गल्लीत सांगितलं, मास्तरांनी सोता दुरुस्त केला. लोक मला रस्त्यात थांबवून कौतुक करायला लागले. मी हसायचो आणि घरी येऊन हात धुवायचो.

पुरळ मात्र जाईना. मानेवरून ते काखेत उतरलं, पिवळट टोकं आली. धोंडुबाई डाळीच्या पिठावर खापर फोडत होती. मैथिलीनं स्वतःचं जेवण कमी केलं. आधी शेंगदाणे सोडले, मग डिंकाचे लाडू, मग तूप. नुसता मऊ भात खायची. त्या भाताकडे मला बघवत नव्हतं. सांगितलं तर ती जाणार. नाही सांगितलं तर ती स्वतःला दोष देत उपाशी राहणार. असे दिवस मी काढले. पुस्तक उघडून बसायचो आणि एकाच ओळीवर अडायचो.

रविवारी आक्का आली ती थेट न्हाणीघरात गेली. नळ सोडला. गीझर पेटला. तिनं धारेखाली कोपर धरलं, बराच वेळ धरलं, आणि बाहेर येऊन पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. "आता काय काळजी न्हाई. ऱ्हाऊ दे हिला सव्वा महिना." मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं.

ती चहा घेत सोप्यात बसली. मी आत गेलो. मैथिली बाळाच्या काखेत खोबरेल लावत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, माझ्या दुधातच काही दोष असेल का हो?"

मी दार लोटलं आणि सांगितलं. टाकी, पानं, भात, अळ्या, सगळं. हंबीररावांचं नाव सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली, जणू त्यांच्याबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं.

"मी घरी आले तेव्हापासून?"

"हो."

"तुम्हाला कळलं कधी?"

"टाकी साफ केली त्या दिवशी."

"म्हणजे मी लाडू सोडले त्याच्या आधी."

तिनं बाळ उचललं, त्याच्या टाळूला नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं. मग उठून दुपटी एका पिशवीत भरायला लागली. मी मदतीला हात पुढे केले. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं.

बाहेर जाऊन ती आक्काला म्हणाली, "आई, मी तुमच्याबरोबरच येते. वाटेत डॉक्टरांना दाखवू."

आक्का चकित झाली. आता तर सगळं बरं झालंय, ती म्हणाली, बापाला एकटं टाकून एवढी घाई कशाची. मैथिली म्हणाली, करमत नाही. आक्कानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, उलट मलाच वाईट वाटेल म्हणून संकोच होता. मैथिलीनं मला तिच्या सासूसमोर वाचवलं होतं. तेवढं केलं आणि ती रिक्षात बसली.

रिक्षा वळली तसे हंबीरराव भिंतीवरून डोकावले. पोरगी कुठं गेली, दूध कुणाला देऊ, विचारत होते. आणि मी सांगितलं. आवाज न चढवता, पण सगळं सांगितलं: तुमचं पान माझ्या टाकीत पडतं, ते सडलं, त्या पाण्यानं बाळ न्हायलं, त्याला पुरळ आलंय. तुमच्या वडिलांचं पाणी दुसरीकडे ठेवा.

ते भिंत धरून उभे राहिले.

"बोलायचं न्हाई व्हय, मास्तर," ते बारीक आवाजात म्हणाले. "वर्स झालं की. माझ्या भिंतीवर पाण्याचं वाटगं ठेवलं असतं. त्याला काय लागतंय."

ते आत गेले आणि दगडी वाटगं घेऊन बाहेर आले, आपल्या भिंतीवर मधोमध ठेवलं, तांब्यातल्या पाण्यानं भरलं. एवढंच काम होतं ते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पोरीला सांगितलंसा?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणून तर गेली," मी म्हणालो, आणि हात पाठीमागे घेतले.