नट कुणी आवळला?

"साहेब, तुमच्या कारखान्यात जो नट आवळतो, तो पहिल्या उड्डाणाला हेलिकॉप्टरात बसतो का?"

पैज शेजारी बसलेल्या मैत्रिणीची, सृष्टीची होती. 'विचारून दाखव, आठवडाभर वडापाव माझ्याकडून!' पण विचारला शिवांजलीनं, आणि प्रश्न तिच्या घरचा होता. तिचे वडील लालासाहेब फौजेत हेलिकॉप्टरं दुरुस्त करायचे आणि त्यांच्या तुकडीची रीतच होती, ज्यानं काम केलं त्यानंच चाचणीला आत बसायचं. मग नट सैल राहतोय कशाला!

रहिमतपूरच्या शाळेच्या हॉलमधली सगळी डोकी तिच्याकडं वळली. लोणंदच्या हेलिकॉप्टर कंपनीचे मानसिंगराव इतका वेळ झकास बोलत होते. पेशंट नेणारं, फवारणी करणारं, सैन्याचं, सगळी हेलिकॉप्टरं पडद्यावर दाखवून झाली होती. आता त्यांचं हसू आटलं.

"त्यासाठी पायलट असतात, बाळ."

"म्हणजे तुमची माणसं बसत नाहीत?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. साहेबांनी तिचं नाव विचारलं, आडनाव विचारलं.

"लालासाहेबांची का तू? सोमवारी सुपरवायझर म्हणून रुजू होणारेत ना आमच्याकडं? बघू."

त्या 'बघू'तली धमकी शिवांजलीला कळली. तरी ती ताठ मानेनं खाली बसली.

ती घरी पोचायच्या आधीच साहेबांचा फोन पोचला होता.

"घालवलीस माझी नोकरी!" लालासाहेब दारातच कडाडले. "उद्या लोणंदला चल. साहेबापुढं हात जोडायचे, चुकले म्हणायचं."

"काय चुकलं, आप्पा? तुमीच सांगता की ही रीत."

"फौजेची गोष्ट येगळी! तोंड लय सुटलंय तुझं."

"शेफारून कुणी ठेवलंय? तुमीच," चुलीपाशी भाकरी थापत तिची आई राहीबाई फणकारली. "फौजेतनं आल्यापास्नं हे बिनकामाचं घरी बसून हायती. आता कुठं काम लागतंय, तर ही बया निघाली साहेबाची परीक्षा घ्यायला!"

"आई, दादा कशात बसून चौकीवर जातो?"

थापणं थांबलं. तिचा भाऊ शिवतेज फौजेत होता, बर्फातल्या चौकीवर. त्याला वर नेणारं हेलिकॉप्टर ह्याच कंपनीचं. त्या हेलिकॉप्टरच्या दाराला टेकून दात काढून हसतानाचा फोटो त्यानं गेल्या आठवड्यातच पाठवला होता.

"त्याला मधी आणू नगंस," लालासाहेब गुरगुरले.

"का? त्याचाबी नट कुणीतरी आवळलाच असंल की. तो आवळणारा बसला होता का आत?"

लालासाहेबांचा हात उगारला गेला. गेल्या वर्षीची शिवांजली आईच्या पदराआड पळाली असती. आज ती जागची हलली नाही. हात तसाच वर राहिला, मग हळूच खाली आला.

"मी येते उद्या लोणंदला," ती म्हणाली. "पण माफी मागणार न्हाई. साहेबाच्या तोंडावर हाच प्रश्न परत विचारणार. आन् नोकरी लागलीच तुमाला, तर पहिल्या उड्डाणाला तुमी आत बसणार का न्हाई, ते मला आत्ता सांगा, आप्पा."