न टोचलेलं बी

"मावशी, रानकपाशीची पिशवी गेली का भट्टीत?" साहेबांनी आतूनच विचारलं.

"शिपाई आत्ताच घेऊन गेला," म्हणत मी कात्रीसाठी खण उघडला. ब्लेडचं नवं पाकीट जसंच्या तसं, न फोडलेलं. म्हणजे ते बी मी टोचलंच नव्हतं!

सव्वीस वर्षं मी या बियाणे केंद्रात कपाशीचं बी उगवतं का ते तपासते. शेतातली कपाशी गुणी पोर, ओल्या कागदात ठेवली की चार दिवसांत कोंब काढते. माणसाने हजारो वर्षं तेच तर निवडलं, लांब पांढरा धागा आणि पेरलं की उगवणारं बी. रानातलीला त्याचं काय पडलंय! तिच्या बीवर आखूड तपकिरी लव आणि टरफल इतकं कडक की पाणी आत शिरत नाही. ब्लेडने टोचावं लागतं. हे सगळ्यांना शिकवणारी मीच! पण या पिशवीतलं बी चाचणीला लावलं त्या दिवशी लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेल्याचा फोन आला, आणि मी बी तसंच गुंडाळून पळाले. वहीत नोंद झाली, उगवण शून्य. म्हणजे मेलेलं. जाळा.

कप्पाळ माझं! गुडघ्यांची पर्वा न करता भट्टीकडे धावले.

शिपाई हात झटकत होता. "पेटलं की भुर्रकन. एवढं काय त्यात?"

"अरे, ते रानच उरलं नाही आता. परत आणू कुठून?"

चाचणीचा ओला कागद अजून कचऱ्याच्या डब्यात होता. त्यातल्या दहाही बिया घाईघाईने टोचल्या, अंगठाही कापून घेतला. मग मला कुठे बूड टेकवेना. लेक वैतागली, "आई, नातवाकडे बघ तरी जरा!" त्याला मांडीवर घेतलं, पण जीव तिकडेच.

सातव्या दिवशी तीन बियांना कोंब आले. मी ढसाढसा रडले. पिशवीत चाळीस झुडपांचं बी होतं, एकासारखं दुसरं नाही. आता पुढे जे येईल ते या तीन कोंबांचंच.

"शनिवारी निवृत्त होताय," साहेब हळूच म्हणाले. "जुनं बी होतं, उशिरा उगवलं, असं लिहू. कशाला अंगावर घेता?"

"मग माझ्या जागी येणारी पोरही न टोचताच जाळेल, साहेब."

वही ओढून मी शून्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'बी जिवंत होतं. मी टोचलं नाही.' सही केली, आणि ब्लेडचं पाकीट वहीवर ठेवलं.