विज्ञानताईला हाय म्हणू नका

माझ्या हाताला चित्रकला नाही. सातवीला हृदय शिकवताना मी फळ्यावर जे काढतो, त्याला आमच्या शाळेत वर्षानुवर्षं ‘सरांचं वांगं’ म्हणतात. मी आमोस भिंगारदिवे, पारनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा विज्ञानाचा मास्तर. कप्पे, झडपा, शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त, सगळं मी त्या वांग्यातच कोंबत आलो. त्यामुळं एका कंपनीचा बोलका डिजिटल फळा चाचणीसाठी आमच्या शाळेत आला, तेव्हा माझा जीवच त्याच्यात अडकला. बोट लावलं की पडद्यावर हृदय धडधडायचं. निळं रक्त आत, लाल रक्त बाहेर. पहिल्या दिवशी पोरं घरी गेली तरी मी खुर्ची ओढून एकटाच बघत बसलो.

अट एकच होती. महिनाभरानं जिल्ह्याहून अधिकारी मॅडम येणार, वर्ग बघणार, पसंत पडला तर फळा आमचा. नाहीतर तो शेवगावच्या एका शाळेला जाणार. त्या शाळेनं टेम्पोसुद्धा सांगून ठेवला होता म्हणे. लोकांना दम कसा तो नसतोच.

फळ्याच्या पोटात एक बाई बोलायची. तिचं नाव विज्ञानताई. तिला हाक मारायची तर नुसतं ‘हाय’ म्हणायचं. मग ती समजायची की कुणी नवीन विद्यार्थी आला, आणि पहिल्यापासून शिकवायला लागायची. ज्यानं कुणी हा शब्द निवडला, त्यानं आमच्या गावात येऊन एक कप चहा प्यायला असता तरी पुरे होतं. आमच्याकडं माणूस दिवसभर दुसरं करतो काय? बाजार हाय, लाईट हाय, डोकं दुखतंय पण तसं बरं हाय.

पहिल्याच तासाला मी विचारलं, “हृदयाला कप्पे किती?”

धनश्री उठली. ही पोरगी एकदा बोकडाचं हृदय जेवणाच्या डब्यात घालून शाळेत घेऊन आली होती. त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांनी जेवण सोडलं. तिला उत्तर येणारच.

“चार हायेत, सर.”

पडद्यावरचं हृदय गेलं. “नमस्कार, नवीन मित्रा,” विज्ञानताई म्हणाली. “चला, पहिला धडा. सजीवांची लक्षणे.”

मी पुन्हा हृदय लावलं. मागच्या बाकावरचा गोरक्षनाथ म्हणाला, “सर, ही येडी हाय का?” पुन्हा सजीवांची लक्षणे. त्या तासाला आमचं रक्त दुसऱ्या कप्प्याच्या पुढं काही सरकलं नाही.

मी कंपनीला फोन लावला. निकिता नावाची मुलगी बोलत होती, आवाज एकदम गोड. “सर, तो शब्द सध्या बदलता येत नाही. मुलांना शुद्ध बोलायला सांगा ना.”

माझं डोकं फिरलं. पण फळा हवा होता, म्हणून मुकाट फोन ठेवला आणि वर्गात फर्मान काढलं. इथून पुढं कुणी ‘हाय’ म्हणायचं नाही. ‘आहे’ म्हणायचं. आणि आता सुधरायचंच आहे तर ‘पानी’ नाही, ‘पाणी’.

पोरांनी हे फारच मनावर घेतलं. दिसेल त्या न चा ण करून टाकला. मणुष्य, वाणर, विज्ञाणताई. एकानं मला ‘मुख्याध्यापक साहेबांणी बोलावलंय’ असा निरोप दिला. आठवड्याभरात धनश्रीची आई, मालनबाई, शाळेच्या दारात उभी.

“सर, पोरीला काय केलं तुमी? काल पाव्हण्यांपुढं म्हणती, ‘आई, भाकरी आहे का?’ पाव्हणं म्हणलं, पोरीला बरं न्हाई का?”

“शिक्षणासाठी आहे, मालनबाई.”

“आसंल. पन भाकरीला कशाला?”

सगळी पोरं कशीबशी रुळली, पण धनश्रीचं काही जमेना. सावकाश बोलली तर ‘आहे’ यायचं. एखादी गोष्ट मनापासून सांगायला लागली की हाय सुटलंच. मॅडम यायच्या आदल्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं.

“उद्या तू तोंड उघडायचं नाही.”

“पन सर, मला सगळं येतंय.”

“येतंय म्हणूनच. तू खुशीत आलीस की घात होतो.”

ती मान खाली घालून वर्गात गेली. मला फळ्यापुढं दुसरं काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अश्विनी मॅडम आल्या. कडक इस्त्रीची साडी, बोलणं अगदी पुस्तकी. पोरांनी शक्कल काढली होती. वाक्य पुरं करायचंच नाही.

“हृदयाचा आकार?”

“मुठीएवढा.”

“कप्पे?”

“चार.”

“मुलं इतकी तुटक का बोलतात?” मॅडमनी मला विचारलं.

“शिस्त, मॅडम,” मी म्हणालो.

पडद्यावर हृदय धडधडत होतं. पहिला कप्पा, दुसरा, तिसरा. झडप उघडली, मिटली, लाल रक्त झपकन बाहेर गेलं. महिन्याभरात वर्गाला पहिल्यांदा चौथा कप्पा दिसला. मॅडम खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. आणि बाईंचं माहेर, मला काय माहीत, शेवगावकडचं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “हे तर लई भारी हाय.”

“नमस्कार, नवीन मित्रा,” विज्ञानताई म्हणाली.

हृदय गेलं. सजीवांची लक्षणे आली. मी दिसेल ते बटण दाबलं, तसा पडदा सगळाच काळा झाला. नुसती विज्ञानताईच बोलत राहिली. माझ्या डोळ्यांपुढं तो शेवगावचा टेम्पो उभा राहिला.

धनश्री उठली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. “सर, पुढचं मी सांगू?”

नाही म्हणायला माझ्याकडं राहिलं होतं काय? “सांग,” म्हणालो.

“म्याडम, मूठ वळा. अशी छातीवर ठिवा. हृदय येवढंच हाय.”

“नमस्कार, नवीन मित्रा.”

“तू थांब गं जरा,” धनश्री फळ्याला म्हणाली, आणि पुढं सुरू झाली. “आता झडप. हिरीवर मोटर असती ना, तिच्या पाइपाला खाली फूटवॉल असतो. पानी वर जाऊ देतो, माघारी येऊ देत न्हाई. झडप तशीच हाय. मी बोकडाच्या हृदयात बोट घालून बघितलंय. बोट आत जातं, पन उलटं यायला लई त्रास हाय.”

दर हायला ताई नमस्कार घालत होती, पोरं हसत होती, आणि मॅडम छातीवर मूठ धरून ऐकत होत्या. मीही मूठ धरली होती. फूटवॉल मला इतक्या वर्षांत एकदाही सुचला नव्हता, हे मला झोंबलं.

मॅडमनी तिथूनच कंपनीला फोन केला. “फळा याच शाळेत राहील. आणि तो शब्द आजच बदला. हाक मारल्यावर पहिला नाही, चालू धडाच लागायला हवा.” आदल्या महिन्यात न बदलणारा शब्द लगेच बदलायला तयार झाला. निकितानं फक्त एक विचारलं, या वर्गात कुणीच कधी म्हणत नाही असा एखादा शब्द सांगा.

पोरं विचारात पडली. धनश्रीला वेळ लागला नाही.

“क्षमस्व,” ती म्हणाली. “सर तर कदीच म्हनत न्हाईत.”

झालं. सोमवारी सातवीचा तास. वर्ग गच्च, सगळ्यांचे कान टवकारलेले. मी फळ्याकडं तोंड करून पुटपुटलो, “क्षमस्व.”

“नीट ऐकू आलं नाही,” विज्ञानताई म्हणाली. “कृपया पुन्हा म्हणा.”

मी वर्गाकडं वळलो. धनश्री पहिल्याच बाकावर, हाताची घडी घालून बसलेली.

“क्षमस्व,” मी मोठ्यानं म्हणालो.

“आसू द्या, सर,” ती म्हणाली. “चालतंय.”

मागं फळ्यावर हृदय धडधडायला लागलं होतं.