बुडाखालचं कापड

पोकुवाच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी गोदामातल्या भिंती पाडल्या. घरी जुळ्यांना न्हाऊ घालायला दोन बायका पुरत नव्हत्या आणि गोदामात गवंड्यांची धूळ. पोकुवाची सकाळ एकीकडे जायची, दुपार दुसरीकडे.

गोदाम तिच्या मावशीचं, बिरागोचं. मावशी हा शब्द परक्यांना सांगण्यापुरता. आईची बहीण ती आईच, आणि पोकुवाची आई तर पोकुवा रांगत असतानाच गेलेली. माय मरो नि मावशी जगो म्हणतात, ते तिच्या बाबतीत अक्षरशः घडलं होतं. बिरागोचा सख्खा मुलगा ग्यामफी आईला एनो म्हणायचा, तशीच पोकुवाही म्हणायची.

माल कापडाचा. मेणाच्या छपाईचे सहा वारी आणि बारा वारी तागे. पूर्वी गोदामात तीन खोल्या होत्या. पहिलीतला माल केजेतियाच्या बाजारात बिरागोच्या गाळ्यावर जायचा, दुसरीतला शहरातल्याच अडुमच्या त्यांच्या दुकानात, आणि तिसरीतल्या गाठी उत्तरेकडच्या व्यापारणी घेऊन जायच्या. प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप. एका खोलीतलं दुसरीला देणं म्हणजे बहिणीच्या ताटातला मासा उचलल्यासारखं. दुकानातली बाई “ते पिवळं संपलं” म्हणून गिऱ्हाईक परतवून लावायची, आणि तेच पिवळं भिंतीपलीकडे उंदरांची वाट बघत पडलेलं असायचं.

मग लोक फोनवर चित्र बघून कापड मागवायला लागले. बँकेतली नोकरी सोडून आलेल्या ग्यामफीने ते सुरू केलं. आता या फोनवाल्यांना चौथी खोली कुठून काढायची, हा प्रश्न पडला.

“खोली नको, भिंतीच नकोत,” ग्यामफी म्हणाला. “सगळा माल एक. गाळ्यावरचा, दुकानातला, इथला. मागणी कुठूनही येऊ दे, माल जिथे असेल तिथून जाईल.”

“म्हणजे माझ्या गाळ्यावरचं तू पार समुद्राकाठी ताकोराडीला विकणार?” बिरागोने विचारलं.

“विकलं तर दुकान कोणाचं वाढेल, एनो?”

“पोटचा माझा, पण डोकं बँकेत राहिलं याचं. अरे, गाळ्यावर मी बसते. माझ्यासमोर माणूस येतं. तुझा फोनवाला दिसतो का तुला? त्याला तोंड आहे का?”

“त्याला फोन आहे.”

“बकरीच्याही गळ्यात घंटा असते,” बिरागो म्हणाली.

पोकुवाने ग्यामफीची बाजू घेतली. आयुष्यभर ती माल असताना नाही म्हणत आली होती, त्याचा तिला वीट आला होता. भिंती पडल्या. रांगेने मांडण्या उभ्या राहिल्या. गाठ आली की ती लगेच फोडायची, प्रत्येक छाप आपल्या जागेवर, आणि मधल्या लांब टेबलावर एकेक सहा वारी कापड बांधून मोटारसायकलवाल्याच्या हातात द्यायचं. गाळा आणि दुकान हीसुद्धा आता गोदामाचीच दोन कपाटं झाली. संगणकाच्या पडद्यावर सगळं एकत्र दिसायचं. उत्तरेच्या व्यापारणी आधी कुरकुरल्या, पण त्यांना हवा तो छाप दुकानातून काढून मिळायला लागला तेव्हा गप्प झाल्या.

एक गोष्ट मात्र पडद्यावर गेली नाही. गिरणीतून कापडाला आकडा येतो, नाव येत नाही. नाव बिरागो द्यायची. नवा छाप आला की पहिला तागा ती मांडीवर पसरून संध्याकाळभर बघत बसायची, आणि सकाळी नाव तयार. सवतीने मीठ मागितलं. जावई झोपला आहे. नाव पडलं की बायका बाजारभर तेच मागत फिरायच्या. ग्यामफीने फोनवर नुसता आकडा आणि चित्र टाकलं. म्हणाला, नाव कोण वाचतं?

पुढे बिरागोच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. दवाखान्यात जाताना तिने कमरेच्या किल्ल्या पोकुवाकडे दिल्या आणि तितके दिवस पोकुवा गाळ्यावर बसली. बिरागोची बसायची लाकडी पेटी होती, तिच्यावर. बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, पेटीत काय असेल? तिने उघडून पाहिली. आत निळं-पांढरं कापड, बारा वारी तागे, कडुनिंबाच्या पाल्यात नीट रचलेले. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं.

पोकुवा मनाशी हसली. भिंती पाडल्याच्या रागाने एनोने माल लपवला, असंच तिला वाटलं. तिने सगळे तागे गाळ्याच्या नावावर चढवले. गिरणीने हा छाप कधीच बंद केला होता, त्यामुळे फोनवर चित्र लागताच दुसऱ्या दिवशी ताकोराडीहून मागणी आली. अख्खी पेटी. पोकुवाने स्वतःच्या हातांनी तागे बांधले आणि बसवर चढवून आली.

डोळ्यावर काळा चष्मा लावून बिरागो परत आली. गाळ्यावर आल्या आल्या पेटीवर बसली, आणि उठली. पुन्हा बसली. मग टाचेने पेटीला ठोकलं.

“पेटी वाजते कशी गं?”

पोकुवाने सांगितलं. आधी ती कौतुकाच्या आशेने सांगत होती, पण अर्ध्यावर तिचा आवाज खाली आला. बिरागोने उठून झाकण उघडलं होतं आणि ती आतला नुसता पाला चाचपत होती.

“ते सापोमाचं होतं,” बिरागो म्हणाली.

माम्पाँगची सापोमा बिरागोची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. आमच्या बाजारात विकणारी घेणारीला गिऱ्हाईक म्हणते आणि घेणारी विकणारीलाही तेच म्हणते. या दोघींनी एकमेकींना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. पोकुवा त्यांचं बोलणं लहानपणापासून ऐकत आली होती. सापोमा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी यायची, गाळ्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, “आहे ना, गिऱ्हाईक?” बिरागो म्हणायची, “मी बसलेय ना त्याच्यावर!” दोघी हसायच्या. पोकुवाला वाटायचं, म्हाताऱ्यांची काहीतरी थट्टा चालते.

ते कापड सापोमाने आपल्या मयतासाठी घेऊन ठेवलं होतं. आमच्याकडे मयत माणूस गेल्यावर काही आठवड्यांनी, थाटात होतं; त्या दिवशी लेकी, सुना, नाती, सगळ्यांनी एकसारखं नेसावं म्हणून. घरी ठेवलं तर लेकी लग्नाकार्यात वापरून टाकतील, म्हणून इथे.

“बुडाखालचं कापड विकायचं नसतं, पोरी. ते दिलेलं असतं,” बिरागो म्हणाली. “तिला मी काय सांगू? तुझं मयत ताकोराडीला गेलं?”

“मी आणते परत.”

“शुक्रवारच्या आत आण. नाहीतर गाळ्यावर तूच बस. मी तिच्यासमोर रिकाम्या पेटीवर बसणार नाही.”

हे ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणून पोकुवा जास्त घाबरली. बिरागो गाळा सोडून घरी बसली तर किती दिवस टिकेल, हे तिला कळत होतं.

ग्यामफी म्हणाला, विकलेलं कापड परत कसं मागायचं, नियमच नाही तसा. पोकुवाने त्याच्या हातातून फोन घेतला.

पलीकडे क्वानसाबाई होत्या, चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांच्या पुढारी. कापड पोचलं होतं, आवडलं होतं, उद्या शिंप्याकडे जाणार होतं.

“बाई, कापलं नाही ना अजून?”

“का? काही दोष आहे?”

“दोष नाही. ते दुसऱ्या कुणाचं होतं. आमची चूक झाली. परत द्याल का?”

“अहो, पैसे भरलेत मी! आमच्या मंडळाची पन्नाशी आहे पुढच्या रविवारी. तीस बायका काय पेटीकोटावर उभ्या करू?”

पोकुवाला खोटं सुचलं असतं. कापड कच्चं आहे, रंग जातो, असं काहीही. पण तिच्या तोंडून खरं तेच निघालं. “एका म्हातारीने ते आपल्या मयतासाठी ठेवलं होतं.”

“मेलेल्या बाईचं कापड विकलंत मला?”

“मेली नाही हो! चांगली धडधाकट आहे. एक दाढ दुखते, तेवढंच.”

“तरी. नाव काय या कापडाचं? फोनवर तर नुसता आकडा होता.”

नाव बिरागोनेच कधीकाळी दिलेलं होतं, पोकुवाने तिच्याकडे बघितलं. बिरागो चष्म्याआडून तिच्याकडेच बघत होती.

“मी गेल्यावर मोजा,” पोकुवा म्हणाली.

“काय?”

“हेच नाव आहे. मी गेल्यावर माझी माणसं मोजा, असं.”

“देवा रे,” क्वानसाबाई म्हणाल्या. “हे नेसून आम्ही पन्नाशी साजरी करणार होतो? सगळी ताकोराडी हसली असती. न्या बाई, न्या तुमचं कापड. पण मला दुसरं द्या, आजच्या आज, आणि या वेळी नाव आधी सांगा!”

बिरागोने हात पुढे केला. फोन कानाला लावला आणि बाईंना विचारलं, तुमचं मंडळ कसलं, तुम्ही किती जणी मूळच्या, कोणाशी कोणाचं पटत नाही. बराच वेळ बोलली. मग पोकुवाला म्हणाली, गोदामात तिसऱ्या रांगेतलं ते पक्ष्यांचं हिरवं काढ. त्याला अजून नाव नव्हतं. फोनवरच तिने ते दिलं: भांडलो तरी एका सुरात. पलीकडून हसणं गाळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं.

हिरवं त्याच दुपारी बसने गेलं. निळं गुरुवारी आलं. शुक्रवारी सापोमा आली, तेव्हा बिरागो पेटीवर बसलेली होती.

“आहे ना, गिऱ्हाईक?”

“बसलेय ना!”

सापोमाला कळलं की नाही, कोण जाणे. जाताना तिने पेटीवर हात फिरवला आणि म्हणाली, “प्रवास करून आल्यासारखं वाटतंय.” कडुनिंबाचा वास बदलला होता, कदाचित त्यावरून.

त्या आठवड्यात ग्यामफीने पडद्यावर दोन गोष्टी घातल्या. प्रत्येक चित्राखाली बिरागोने दिलेलं नाव आलं, आणि एक नवं कपाट आलं, ज्यातला माल दिसतो पण विकता येत नाही. कपाटाला काय नाव द्यावं म्हणून तो इंग्रजीत काहीबाही सुचवत होता. पोकुवाने बुडाखालचं असं लिहायला लावलं. दुकानातल्या आणि उत्तरेच्या बायकाही मग आपापलं राखलेलं त्यात घालायला लागल्या. फोनवाल्यांनाही ते खुलं केलं. कोणी ओळखीचं नसलेलं माणूस कुठूनतरी म्हणतं, माझं एवढं ठेवा, आणि ते ठेवतात. बिरागो याला शेवटपर्यंत हसायची. म्हणायची, बसतं कोण त्याच्यावर?

जुळी चालायला लागली होती तेव्हा एक दिवस सापोमा गाळ्यावर न जाता सरळ गोदामात आली. शुक्रवार नव्हता.

“कापड काढ, पोरी,” ती म्हणाली.

“एनो सापोमा, तुम्ही तर आहात की अजून.”

“मी आहे. माझी गिऱ्हाईक गेली. तिच्या मयताला माझं घर दुसरं काय नेसून येणार?”

पोकुवाने गाळ्यावरून पेटी आणवली आणि उघडली. सगळे तागे दिले, आणि पडद्यावर त्या कपाटात सापोमाच्या नावासमोर शून्य केलं. मग सापोमाने मांडण्यांतून फिरून आपल्यासाठी दुसरं कापड निवडलं, बारा वारी, बरेच तागे. पोकुवा ते पडद्यावर चढवायला लागली, तशी म्हातारी म्हणाली, “ते तुझं तू लिही. पण ठेव पेटीत, आणि बस वर.”

पेटी आता गोदामात लांब टेबलाशी आहे. पोकुवा तिच्यावर बसते.

बिरागो ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, गाळा उघडायच्या आधी, घरी वारली. सापोमा अजून आहे.